डोळे मागणारी जोडी

आमच्या भागात कुणी गेलं की रडण्याचा आवाज ऐकून आधी शेजारी येतात, मग नातेवाईक, मग गावाकडची माणसं. या सगळ्यांच्या आधी आण्णा आणि आक्का यायचे. वॉट्सअॅपच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे पहिले जोडलेले हात पडायच्या आत आण्णांची जुनी, खोकत चालणारी स्कूटर त्या दारासमोर उभी असायची. मागं आडवी बसलेली आक्का उतरायची, पदर खोचायची, काखेतली कापडी पिशवी सावरायची आणि थेट घरात शिरायची. पिशवीत स्वच्छ कापूस, पाण्याची बाटली आणि नेत्रदानाच्या संमतीचा कागद. अर्ध्या तासापूर्वी जिचा नवरा गेला त्या बाईसमोर उभी राहून ती विचारायची, "डोळं देताय का?"

एवढंच. "वाईट झालं" नाही, "कशानं गेले" नाही.

माधवनगरात त्यांना लोक गिधाडं म्हणायचे. पाठीमागं नव्हे, तोंडावर. लग्नाची पत्रिका त्यांच्या दारात पडत नसे. बारशाच्या घरावरून आक्का चालली की पाळणा आत सरकवला जायचा. शेजारच्या गल्लीत एक म्हातारी तापानं फणफणली होती. आक्का आपली साधी विचारपूस करायला दोन डाळिंबं घेऊन गेली, तर आठ दिवस मान न उचललेली म्हातारी अंथरुणात ताडकन उठून बसली आणि किंचाळली, "मेले न्हाई अजून! भायेर हो!" आक्का बाहेर आली आणि ओट्यावर जमलेल्या तिच्या सुनांना म्हणाली, "बगा, बसली का न्हाई उठून? डॉक्टरला जमलं न्हाई ते मी केलं." डाळिंबं मात्र परत घेऊन गेली.

मीही त्यांना गिधाडंच म्हणायचो. त्यांचं घर माझ्या घरासमोर आहे, मधे फक्त रस्ता. सकाळी दार उघडलं की आधी तीच दोन तोंडं दिसायची, आणि शाळेत जाताना मनात पाल चुकचुकायची. मी हायस्कुलात शिक्षक, मुलांना विज्ञान शिकवणारा. तरी चुकचुकायची.

आण्णा जैन समाजातले. उंच, कमरेत किंचित वाकलेले, डोक्यावर पांढरी टोपी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. इथल्या कापडगिरणीत ते माझ्या वडिलांबरोबर कामाला होते. गिरणी बंद पडल्यावर ते यंत्रमागांवर जॉबर झाले, म्हणजे बिघडलेला माग उघडून, तेलात हात घालून तो पुन्हा चालता करणारा माणूस. असाच एक माग चालू करून बघताना सुताची कांडी घेऊन या टोकापासून त्या टोकाला धावणारा लाकडी धोटा उसळून बाहेर आला आणि त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला. बुबुळ पांढरं पडलं. दीड वर्ष त्या बाजूचं जग त्यांना नव्हतं. मग एके दिवशी मिरजेहून फोन आला, कुणीतरी गेलं होतं आणि त्या घरानं डोळे दिले होते. आण्णांना त्या डोळ्याचं बुबुळ बसवलं.

"ह्यो माझा न्हाई," डाव्या डोळ्याकडं बोट करून ते सांगत. "कुणाचा हाय म्हून लय इचारलं. डॉक्टर सांगत न्हाईत, तसा नियमच हाय म्हणं. मग मी म्हणलं, आता गावातल्या समद्यांशीच नीट वागाय पायजे. कुणाच्या घरातला आसंल, काय सांगावं?"

आणि ते तसेच वागत. आक्काचं तसं नव्हतं. आक्का अथणीकडची, बोलण्यात कानडी हेल. एखादी गोष्ट पटली की "हौद, हौद" म्हणत मान हलवायची, पण पटायचीच क्वचित. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिनं आयुष्य काढलं. दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसून तिचा आवाज असा तयार झाला होता की तो ऐकून रडणारं गप्प बसावं आणि गप्प बसलेलं रडावं. स्वतःला मूल नव्हतं. त्यावरूनही लोक बोलत. "सोताचं काय गेलं न्हाई, म्हून दुसऱ्याचं मागती," असं एका बाईनं तिला भर मयतात सुनावलं होतं. आक्का म्हणाली, "व्हय. आता बोलून झालं आसंल तर पंखा बंद करा."

पंख्यावरून तिची निम्मी भांडणं झाली. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात आणि तोवर ते सुकू द्यायचे नसतात. वारा बंद करायचा, पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. हे सगळं आक्काला पाठ होतं आणि ती ते हुकूम सोडल्यासारखं सांगायची. "रडा की. रडायला कोण नको म्हणतंय? पण वारं बंद करा आदी." उन्हाळ्यात माणसांनी भरलेल्या खोलीत कुणी असं म्हणाल्यावर लोक काय करतील? कुणी अंगावर धावून गेलं, कुणी तांब्यातलं पाणी तोंडावर फेकलं, तासगाव रस्त्यावरच्या एका बंगल्यात तर चक्क कुत्रं सोडलं. डोळे काढून घेतले तर माणूस पुढल्या जन्मी आंधळा होतो, असं कुणी म्हटलं की आक्का उसळायची. "आन जाळल्यावर पुढल्या जन्मी कोळसा हून येतो व्हय?" शहाणपणाचं बोलणं तिला असं बोलता यायचं की ऐकणाऱ्यानं हट्टानं मूर्खपणाच करावा.

आण्णा आत जात नसत. बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी उकिडवे बसत, टोपी गुडघ्यावर. आतून शिव्या ऐकू आल्या की मान हलवत, जणू त्या बरोबरच होत्या. घरानं हो म्हटलं तर ते कोपऱ्यावर जाऊन नेत्रपेढीच्या गाडीला रस्ता दाखवायला थांबत. घरानं नाही म्हटलं तर आक्का पाय आपटत घरी जायची आणि आण्णा तिथंच राहायचे. बांबू आणायला, टेम्पोत लाकडं भरायला, मडकं शोधायला. ज्या माणसानं त्यांना पाचच मिनिटांपूर्वी भिकारी म्हटलं असेल त्याच्याच बापाची तिरडी ते बांधत असत. बांधण्याच्या गाठी त्यांना फार सुरेख येत, मागावर तुटलेलं सूत जोडून जोडून हात बसलेला.

माझे वडील एका थंडीच्या सकाळी गेले. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकले ते टेकलेच. साताऱ्याकडचे, कोरेगावजवळच्या आमच्या गावचे माझे चुलते त्या आठवड्यात आमच्याकडंच मुक्कामाला होते. आम्ही वडिलांना जमिनीवर निजवतोय तोवर आक्का आत.

"डोळं देताय का?"

चुलते भडकले. "आगं ये बाई, लाज हाय का? माणूस अजून गार बी झालं न्हाई!"

"गार झाल्यावर उपेग न्हाई," आक्का म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "मास्तर, तुज्या बापानं सही केलीया. ह्यो बग कागद."

तिनं पिशवीतून कागद काढला. खाली वडिलांची सही होती, गिरणीच्या पगारपत्रकावर करत तशीच, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली. मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. तेच मला सहन झालं नाही. समोरच्या घरातल्या या बाईला माहीत होतं आणि मला नव्हतं. मी तो कागद तिच्या हातातून ओढला आणि चार तुकडे केले. गलका ऐकून आण्णा उंबऱ्यापर्यंत आले, "मास्तर, आसूं दे, आसूं दे," म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी त्यांना ढकललं. ते पायरीवरून मागं कोसळले. पडताना माणूस हात जमिनीला टेकतो. आण्णांनी दोन्ही हातांनी डावा डोळा झाकला. कोपर फुटलं, चष्मा फुटला, डोळ्याला काही झालं नाही.

आक्कानं कापूस पिशवीत घातला आणि गेली. आण्णांनी कोपराला रुमाल बांधला आणि लाकडांच्या टेम्पोत पुढं बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे आमच्या ओट्यावर हजर. वडील असताना ते रोज आमच्याकडं पेपर वाचायला यायचे. "आला का पेपर?" त्यांनी विचारलं. मी आणून दिला. त्यांची वाचायची एक पद्धत होती. थोडा वेळ डावा डोळा झाकून वाचायचे, मग उजवा झाकून. मी एकदा न राहवून विचारलं तर म्हणाले, "त्यालाबी वाचू दे की. त्यो कुठला शिकलेला आसंल, काय म्हाईत."

आक्का माझ्याशी बोलायला तयार नव्हती. पाच-सहा महिन्यांनी मी रस्ता ओलांडून त्यांच्या घरी गेलो. ती अंगणात मिरच्या वाळवत होती. मी म्हणालो, "आक्का, त्या दिवशी माझं चुकलं. माफ करा."

तिनं वर पाहिलं नाही. "माजी कशाला माफी मागतोस? तुज्या बापाच्या डोळ्यानं ज्याला दिसलं आसतं त्याची माग. कोण हाय त्यो, मला म्हाईत न्हाई. तुला बी न्हाई. जा हुडकत."

एवढं बोलून मिरच्या परतू लागली. त्या क्षणी मला ती बाई जितकी नकोशी झाली तितकं आयुष्यात दुसरं कुणी झालं नाही. आणि त्यानंतरच, का कोण जाणे, मी त्यांच्या कामात ओढला गेलो. स्कूटर सुरू झाली नाही की माझी गाडी काढायचो. नेत्रपेढीला फोन लावायचो. आक्का मागं बसायची, माझ्याशी न बोलता. आण्णा पुढं बसून बोलायचे ते बहुतेक बंद पडलेल्या मागांबद्दल. मीही शिव्या खाल्ल्या. पहिल्यांदा खाल्ल्या तेव्हा माझा चेहरा पाहून आक्का म्हणाली, "काय रं, गोड लागतंय का?" मिरच्यांच्या त्या दिवसानंतर वर्षभरानं तिचं माझ्याशी ते पहिलं बोलणं.

अलीकडं, म्हणजे आता दोन वर्षं झाली असतील, आमच्या नागरिक मंडळानं त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. 'आदर्श सेवाभावी दांपत्य'. या मंडळाच्या एकाही सभासदाच्या घरी त्या दोघांना आजवर बसा म्हटलं गेलं नव्हतं. अध्यक्षांनी तर आपली आई आजारी असताना 'ही दोघं गल्लीत दिसता कामा नयेत' असा निरोप धाडला होता. पण निवडणूक जवळ आली होती, मोठे पाहुणे येणार होते, आणि पाहुण्यांच्या हस्ते शाल कुणाला तरी द्यायलाच हवी होती. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडं आलं. बैठकीत एक जण हसून म्हणाला, "मास्तर, बेतानं लिवा. वाचता वाचता आमचंच डोळं मागायची."

आक्कानं ऐकलं आणि झटकून टाकलं. "दारात हुबं करून घेतलं न्हाई, आन आता स्टेजवर बसवत्यात व्हय? मला न्हाई यायचं."

आण्णांना मात्र जायचं होतं. मला त्याचं आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं चपलांशेजारी बसलेल्या माणसाला खुर्चीची हौस असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी नवी टोपी आणली, ती दोनदा मला घालून दाखवली. आक्काला ते म्हणाले, "आगं, येक येक घर करत फिरतोय आपण. स्टेजवरनं येकदम समद्यांकडं मागता येईल की."

हे ऐकून आक्कानं "हौद, हौद" म्हणत मान हलवली. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर दोघांचा फोटो, आक्काच्या कपाळावर आठ्या, आण्णा हसताहेत.

कार्यक्रमाला आठ दिवस होते. सकाळी मी शाळेला निघालो होतो. समोरून काही पडल्याचा आवाज आला. गेलो तर आण्णा न्हाणीच्या दारात आडवे, हातात तांब्या. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी मनगट धरलं आणि सोडलं. आम्ही त्यांना आणून खोलीत जमिनीवर निजवलं.

आक्का त्यांच्या उशाशी बसली. रडली नाही. नुसती त्यांच्याकडं बघत बसली. हळूहळू गल्ली जमली, आणि अशी जमली की कुणाच्या मयताला मी इतकी माणसं पाहिली नव्हती. दारात, खिडकीत, पलीकडच्या गच्चीवर. दुःखानं आली होती असं म्हणणं खोटं होईल. सगळे आक्काकडं बघत होते. आता बघू, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलं होतं. ज्यांनी ज्यांनी तिला हाकललं होतं ते सगळे.

पंखा चालू होता. मी बराच वेळ वाट पाहिली की ती सांगेल. मग वाकून म्हणालो, "आक्का, पंखा बंद करू?"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्येस्नी उकडतंय."

 थोड्या वेळानं पुन्हा वाकलो. "आक्का, फोन लावू का?"

"थांब जरा."

कुणी लावला ठाऊक नाही, पण तासाभरात नेत्रपेढीची गाडी आलीच. त्या माणसांना आण्णा घरच्यासारखे. डॉक्टर तरुण होता, त्याचे डोळे भरले होते. तो आक्काजवळ बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आजी, डावा डोळा पूर्वी ऑपरेशनचा आहे, तो नाही चालायचा. उजवा घेता येईल. त्यांचा कागद आमच्याकडं आहे, पण तुम्ही हो म्हणायला हवं."

आक्कानं पहिल्यांदाच मान वर केली. "म्हंजे परक्याचा ठेवनार, आन त्येंचा न्हेनार?"

डॉक्टरनं होकारार्थी मान हलवली.

"येकच तर डोळा त्येंचा हुता," ती म्हणाली. "लगीन हून आले तवापास्नं त्यो माज्याकडं बगतोय. त्यो न्हाई देत मी."

मी म्हणालो, "आक्का, आण्णांची सही आहे." म्हणताना माझ्या आवाजात एक धार आली होती, ती मला ऐकू आली. मला माझ्या वडिलांची सही आठवत होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाईट वाटत नव्हतं. आत कुठंतरी कुणीतरी म्हणत होतं, कळलं का आता? समोर आण्णा पडले होते, ज्यांनी माझ्या बापाची लाकडं वाहिली होती, आणि मी हा असला हिशेब चुकता करत होतो.

"सही हाय ते मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "त्यो कागद मीच भरलाय. तुज्यावानी फाडत न्हाई मी. पन देत बी न्हाई."

डॉक्टर आणखी थोडा वेळ बसला. मग त्यानं आण्णांच्या पायांना हात लावला आणि गाडी रिकामी परत गेली. खिडकीतून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "आमच्या येळंला कसं तोंड चालत हुतं!" कुणीतरी हसलं. मयताच्या घरात हसलं. आण्णांची तिरडी बांधायला चारच माणसं पुढं आली, आणि त्यांतल्या एकालाही नीट गाठ येत नव्हती.

पुढचे आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता. ढोंगी, लबाड, दुसऱ्याच्या जिवावर पुण्य कमावणारी, काय काय म्हटलं लोकांनी. मंडळाला सत्कार रद्द करायचा होता, पण पाहुण्यांची तारीख ठरलेली. छापलेला फ्लेक्स वाया जाऊ नये म्हणून आण्णांच्या नावाआधी 'कै.' लिहिलेली चिकटपट्टी लावली. अध्यक्षांनी मला विचारलं, "बाई काय येत न्हाई न्हवं?" त्यांना नाही हेच उत्तर हवं होतं. मी आक्काकडं गेलो. ती म्हणाली, "येनार. त्येस्नी जायचं हुतं."

ती आली. स्टेजवर दोन खुर्च्या मांडलेल्या, एकीवर आण्णांचा फोटो. मी मानपत्र वाचलं. 'दांपत्य' हा शब्द त्यात पाच वेळा होता आणि दर वेळी मांडवात कुजबूज वाढत होती. मग शाल-श्रीफळ. आक्काची ओटी भरायला दोघी ताट घेऊन उभ्या होत्या, पण आता विधवा बाईचं काय करायचं ते कुणी ठरवलंच नव्हतं. हळदकुंकवाचं ताट हातात धरून त्या दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग पुढं न येता खाली उतरल्या. आक्कानं ते पाहिलं. पाहुण्यांनी घाईघाईनं शाल तिच्या खांद्यावर टाकली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आण्णाचं डोळं कुटं गेलं ते इचारा की!"

 अध्यक्ष माइककडं धावले, पण आक्का आधी पोचली.

"जाळलं," ती म्हणाली. "त्येंच्या बरुबर जाळलं. त्येंची सही हुती, तरी मी दिलं न्हाई. मी चुकले."

 तिला स्टेजवर बोलायची सवय नव्हती, माइकमधून तिचा श्वास ऐकू येत होता.

"तुमच्या घरात यिऊन मी म्हनायचे, वारं बंद करा. त्या दिशी माजाच हात उटंना. तुमी मला हाकलत हुता तवा मला वाटायचं, ही माणसं येडी हायती. तुमी येडी न्हवता. पन तुमचं बरुबर बी न्हवतं. माजं बी न्हवतं. तिकडं कोन तरी येक जन वाट बगत बसला आसंल, त्याला दिसलं आसतं. मी त्याचं न्हेलं. मग ही शाल मी कशी घेऊ?"

तिनं शाल काढली, नीट घडी केली, आण्णांच्या फोटोच्या खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्या उतरून मांडवाच्या मधून चालत गेली. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी वाट अडवली नाही, कुणी वाट करूनही दिली नाही. ती माणसांच्या गुडघ्यांतून कशीबशी सरकत बाहेर पडली. मी स्टेजवर उभा होतो, हातात मानपत्र घेऊन. माझे पाय हलले नाहीत, हे लिहून ठेवायला हवं.

महिन्याभरानं आक्का माझ्या दारात आली. काखेत पिशवी. "कुपवाडला येक मयत झालीया. स्कूटर मला येत न्हाई. गाडी काढतोस का?"

त्या घरात मी पहिल्यांदाच वेगळी आक्का पाहिली. ती आत गेली आणि बायकांमध्ये जाऊन खाली बसली. कुणी ओळखलं, कुणी तोंड फिरवलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. घड्याळ पुढं सरकत होतं आणि माझाच जीव वरखाली होत होता. मग तिनं त्या घरच्या बाईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "माज्या नवऱ्याचं मी दिलं न्हाई. आजून जेवान ग्वाड लागत न्हाई मला. तुमी काय करायचं ते तुमी ठरवा. मी हितंच बसती."

त्या घरानं नाही म्हटलं. गाडीत बसताना मी चिडून म्हणालो, "आक्का, हे कशाला सांगता? लोकांच्या हातात कोलीतच देताय." ती म्हणाली, "मग काय खोटं सांगू? हाकलू देत. आदी बी हाकलत हुतेच की, आता निदान कशापायी हाकलत्यात ते मला ठावं हाय."

तेव्हापासून काही घरांनी दिले, काहींनी नाही. तिला पत्रिका आजही येत नाही. अध्यक्षांची आई गेली तेव्हा त्यांनी दार उघडलंच नाही. आक्का बाहेर चपलांजवळ बसून राहिली, अंत्ययात्रा निघेपर्यंत, आणि मग गुडघे धरून उठली.

आता ते गुडघे पार गेलेत. गेल्या पावसाळ्यात तिनं मला बोलावून स्वतःचा कागद दाखवला. तिच्यामागं हो-नाही म्हणू शकणारा तिचा एकच माणूस, अथणीचा भाचा. त्याला हे सगळं पसंत नाही. ती म्हणाली, "मी गेल्यावर तू माग त्याच्याकडं. शिव्या दील. खा."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर न्हाई. पन तू उटून जाऊ नगंस."

परवा तो भाचा तिला बघायला आला होता. जाताना मी त्याला चहाला बोलावलं आणि विषय काढला. त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. कप तसाच खाली ठेवून तो म्हणाला, "आमच्या आत्तीच्या अंगाला कुनी हात लावायचा न्हाई. आन तुमी कोन लागता हो तिचे?"

 भाऊ, मुलगा, शेजारी, शिष्य, काहीच बसेना.

"समोर राहतो," मी म्हणालो. तो आणखी बरंच काही बोलला. मी ऐकून घेतलं आणि तिथंच बसून राहिलो.